नापसंतीचा अखत्यार

पत्नी कचेरीत जाताना साडी न नेसता कुर्ता आणि जीन्स घालून जाते, हे आपल्याला मानसिक क्लेश देणारे असून असल्या वर्तनामुळे संसार करणे अशक्य झाले आहे, अशी कैफियत एका पतीने कौटुंबिक न्यायालयापुढे मांडली. इतर तक्रारींच्या जोडीला असलेली ही तक्रार त्या न्यायालयाला दखल घेण्याजोगी वाटली आणि 2011 साली त्याला घटस्फोट मंजूर झाला. आणि पुढे 2014 साली मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूमनामा रद्द करून, असल्या कारणांना क्रूरतेचे दार उघडून दिले तर स्वभाव न जुळणाऱ्या प्रत्येक जोडप्याला घटस्फोट द्यावा लागेल, अशा आशयाचे मत नोंदविले. बातमी त्या वेळी अनेकांनी हसत वाचली असेल. निर्णय सर्वथा योग्यच होता. परंतु त्या अनामिक पतीच्या मनात डोकावण्याची इच्छा मला आजवर टाळता आलेली नाही, कारण जी गोष्ट त्याने न्यायासनापुढे उच्चारली ती असंख्य घरांत रोज सकाळी, एक जण चपला घालून दारात उभा असताना, 'तुला दुसरं काही नव्हतं का घालायला?' या प्रश्नाच्या रूपाने उच्चारली जाते आणि तिची ना कुठे नोंद होते, ना निवाडा.

प्रथम त्या पतीच्या बाजूने जे बोलता येण्यासारखे आहे ते बोलून टाकू. वस्त्र ही ज्याची त्याची खाजगी बाब असून तीत जोडीदाराने ब्र काढणे हाच मुळी अपराध होय, असे एक मत सुशिक्षितांत अलीकडे रूढ होत चालले आहे. ते ऐकायला उदार असले तरी प्रत्यक्ष संसाराशी त्याची फारशी गाठ पडलेली दिसत नाही. वेष ज्याने धारण केला त्याला तो आरशापुढच्या चार क्षणांपलीकडे दिवसभरात दिसतच नाही. दिसतो तो बरोबर चालणाऱ्याला, समोर बसून जेवणाऱ्याला, लोकलच्या फलाटावर गर्दीतून ओळखून हात करणाऱ्याला. प्रेमाच्या प्रारंभी जेव्हा याच डोळ्यांनी तिच्या ओढणीचा रंग टिपला आणि तो आपल्याला आवडला असे जिभेला बोलायला लावले, तेव्हा त्या बोलण्याला कोणी हरकत घेतली नव्हती, उलट ते प्रेमाचे लक्षण ठरले होते. त्याच डोळ्यांना पुढे एखादा रंग, एखादा तोकडा किंवा ढगळ पोशाख रुचला नाही, तर मात्र त्यांनी मुके व्हावे, ही अपेक्षा मनुष्यस्वभावाला धरून नाही. नापसंती वाटणे हे पाप नव्हे आणि ती बोलून दाखविणे हाही गुन्हा नव्हे. माझा आक्षेप आहे तो ही नापसंती कोणाच्या नावावर आणि कोणाच्या बळावर बजावली जाते याला.

मी ज्या चेंबुरात राहतो तेथे वेषाविषयी एकमत होणे मुळातच अशक्य आहे. फाळणीनंतर निर्वासित म्हणून आलेल्या सिंधी कुटुंबांची वसाहत येथे आहे, छेडानगरच्या मुरुगन मंदिराकडे केसांत गजरा माळून जाणाऱ्या तमिळ स्त्रिया येथे आहेत, माहुल-तुर्भ्याच्या कोळीवाड्यांतून येणारी नऊवारी येथे अजून दिसते, बुरखा घालून महाविद्यालयात निघालेल्या मुली आहेत आणि अर्ध्या विजारीत डायमंड गार्डनला फेऱ्या मारणारे निवृत्त अधिकारीही आहेत. मराठी मध्यमवर्गीय घरे ज्याला आजही 'पंजाबी ड्रेस' म्हणून परप्रांतीय ठरवितात, तो पोशाख मराठी मुलीने प्रथम घातला तेव्हा घरोघर कपाळावर आठ्या पडल्या होत्या. आज तीच आठी जीन्सवर पडते आणि पंजाबी ड्रेस हा समेटाचा, सोज्ज्वळपणाचा पोशाख मानला जातो. राज्य शासनाने मार्च 2024 मध्ये शाळांतील शिक्षकांच्या पोशाखाविषयी जो निर्णय काढला त्यात शिक्षिकांना साडीबरोबर सलवार-कुर्त्याचीही मुभा दिली आणि जीन्स व टी-शर्ट वर्ज्य ठरविले, हे पाहिले म्हणजे मर्यादेची वेस पिढीपिढीला पुढे सरकते, आणि ती सरकल्याचा मात्र कोणालाही पत्ता नसतो, याची खात्री पटते. त्याआधी याच वेशीवर गोल पातळ उभे होते. नऊवारी सोडून पाचवारी गोल पातळ नेसणारी सून ही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात किती घरांत कलहाला कारण झाली असेल, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

परंतु त्या कलहात नवरा बहुधा पक्षकार नसे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. एकत्र कुटुंबाच्या वाड्यात दिवसाउजेडी बायकोशी दोन शब्द बोलण्याचीही ज्याला चोरी, त्याने तिच्या लुगड्याच्या रंगावर अभिप्राय तो काय द्यावा? स्त्रीच्या वस्त्राचा अखत्यार सासूकडे, जावांकडे, आहेर करणाऱ्या नातलगांकडे आणि सणावारांच्या शिरस्त्याकडे होता. बोहल्यावर चढताना पिवळी अष्टपुत्री, पहिल्या संक्रांतीला हलव्याच्या दागिन्यांबरोबर काळी चंद्रकळा, डोहाळजेवणाला हिरवे लुगडे, आणि कपाळ उजाड झाले की आलवण. जन्माची सारी वळणे रंगांनी बांधलेली आणि त्यांपैकी एकही रंग तिने निवडलेला नाही. आजदेखील एखाद्या पन्नाशीच्या गृहिणीचे कपाट उघडून पाहावे: त्यातल्या साड्यांपैकी निम्म्याहून अधिक कोणी तरी मानपानात दिलेल्या असतात, आणि ज्या तिने स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या हौसेने घेतल्या त्या बहुधा तळाशी असतात, कारण त्या 'वापरायच्या' नसून 'ठेवणीतल्या' असतात.

नवऱ्याची वैयक्तिक आवडनिवड या प्रकरणात शिरली ती सुधारणेच्या काळात, आणि ती शिरली तीदेखील स्वतःच्या नावाने नव्हे. या बाबतीत मला सर्वांत प्रांजळ वाटणारी साक्ष महात्मा गांधींची आहे. 1896 साली कस्तुरबा आणि मुले यांना बरोबर घेऊन ते मुंबई बंदरातून दक्षिण आफ्रिकेस निघाले, तेव्हा कुटुंबाने कोणता पोशाख करावा याचा निर्णय त्यांनी एकट्याने केला. काठेवाडी वाण्याचा वेष परदेशात शोभणार नाही, पुरा साहेबी वेष अंगाला चिकटणार नाही, आणि हिंदी लोकांत पारशी सर्वांत सुधारलेले गणले जातात, तेव्हा कस्तुरबांना पारशी पद्धतीची साडी आणि मुलांना पारशी कोट-विजार असे ठरले. बूट पायांना चावत, मोजे घामाने कुबट होत, तरी आज्ञापालन झाले, कारण दुसरा इलाज नव्हता. आणि पुढे पतीच्या मनातला सुधारणेचा मोह ओसरला तेव्हा सवयीचे झालेले ते उपचार टाकून देण्याचा त्रासही पुन्हा त्यांनीच सोसला. हे सारे गांधींनी आपल्या आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवले आहे, ही त्यांची थोरवी. पण त्या प्रसंगातला पती 'मला तुझी काठेवाडी साडी आवडत नाही' असे म्हणत नाही. तो सुधारणेला पुढे करतो, पारशांच्या प्रतिष्ठेला पुढे करतो, आणि त्यांच्या आडून बोलतो. कस्तुरबांना नवऱ्याच्या आवडीशी वाद घालता आला असता; एका अख्ख्या संस्कृतीशी त्या काय वाद घालणार?

आपल्या आनंदीबाई जोश्यांचे उदाहरण याच्या उलट दिशेने जाते. 1883 साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ असे जाहीर केले आणि त्या अमेरिकेस गेल्या. पण पेनसिल्व्हेनियाच्या हिवाळ्यात नऊवारीखालच्या उघड्या पोटऱ्यांचे काय व्हायचे ते झाले आणि त्यांनी पाय झाकणारी गुजराती पद्धतीची साडी पत्करली. 1885 सालच्या त्या प्रसिद्ध छायाचित्रात, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली या सहविद्यार्थिनींच्या शेजारी, त्या साडीतच बसलेल्या आहेत. नेसण्याची तऱ्हा बदलली ती ना समाजाच्या हुकमाने, ना सुधारणेच्या. हवामानाने आणि स्वतःच्या अकलेने. पती गोपाळरावांच्या आग्रहावाचून आनंदीबाई डॉक्टर झाल्या नसत्या हे खरे असले तरी फिलाडेल्फियाची थंडी गोपाळरावांना वाजत नव्हती, हेही तितकेच खरे आहे, आणि वस्त्राचा निवाडा करताना ते ज्याच्या अंगावर आहे त्याची साक्ष पहिली घ्यावी, हे एवढ्यावरून कोणाच्याही लक्षात यावे.

या विषयात चेंबूरकराला एका कुटुंबाची आठवण टाळता येत नाही. 1948 साली सुरू झालेल्या आर. के. फिल्म्सचा स्टुडिओ आमच्या हद्दीत उभा राहिला आणि राज कपूर यांना पांढऱ्या साडीतल्या स्त्रीचे जे वेड होते त्याची जाहीर कबुली त्यांच्या चित्रपटांनी पिढ्यान्‌पिढ्या दिली. नर्गिसला 'लेडी इन व्हाइट' म्हणत. त्यांच्या 1985 सालच्या चित्रपटातली धबधब्याखालची मंदाकिनी पांढऱ्याच साडीत होती. आणि पत्नी कृष्णा कपूर या 2018 साली निवर्तेपर्यंत समारंभांतून बहुधा शुभ्र साडीतच दिसत. ही आवड निदान आडपडदा न ठेवता सांगितलेली होती. तिला संस्कृतीचे वा मर्यादेचे नाव दिलेले नव्हते, आणि एवढ्यापुरते मी तिला गांधींच्या पारशी साडीपेक्षा अधिक प्रामाणिक मानतो. तथापि एका कर्तबगार पुरुषाची आवड इतकी बलिष्ठ झाली की त्याच्या सहवासात येणाऱ्या सगळ्याच स्त्रिया एका रंगात दिसू लागल्या, ही गोष्ट पडद्यावर कितीही मोहक वाटली तरी घरात ती तशी वाटेल की नाही, याची मला शंका आहे. 16 सप्टेंबर 2017 रोजी स्टुडिओला आग लागली आणि त्या चित्रपटांतील नायिकांचे जपून ठेवलेले पोशाख भस्मसात झाले. 2019 साली ती जागाही एका बांधकाम कंपनीने विकत घेतली.

आता आजच्या तरुणाकडे वळू. तो आईच्या हाताखालून सुटलेला, स्वतःच्या पसंतीने मुलगी निवडलेला, स्वतःला पुरोगामी म्हणविणारा असतो. तिचा एखादा पोशाख त्याला खटकतो आणि तो तसे बोलून दाखवतो. पण काय म्हणतो ते नीट ऐकावे. 'मला काही नाही गं, पण आईला आवडत नाही.' 'आपल्या बिल्डिंगमधले लोक बघतात.' 'तिथे सगळे मोठे लोक असतील, म्हणून म्हणतो.' 'तुझ्या भल्यासाठीच सांगतोय.' या चारही वाक्यांत तो स्वतः कोठेच नाही. जी गोष्ट एका माणसाला नकोशी आहे, ती आई, शेजारी, वडीलधारे आणि तिचे कल्याण या चार साक्षीदारांच्या तोंडून वदवून घेतली जाते; आणि मुलीची पंचाईत अशी की तिने उत्तर द्यायचे ते कोणाला? प्रियकराला उत्तर दिले असते, त्याच्याशी भांडली असती, कदाचित त्याला खूश करण्यासाठी पोशाख बदललाही असता. पण बिल्डिंगमधल्या लोकांना खूश कसे करावे? ते तर तिने काहीही घातले तरी बघणारच आहेत. पुष्कळदा खरी वेदना निराळीच असते. आपल्या जोडीदाराकडे इतरांच्या नजरा वळतात याचा मत्सर, किंवा ती आपल्यापेक्षा अधिक आधुनिक दिसते याचा न्यूनगंड, ही ती वेदना. ती बोलायला धैर्य लागते, आणि आईचे नाव घ्यायला लागत नाही.

नापसंतीला बाहेरचे पाठबळ मिळाले म्हणजे तिचे काय होते, याचे एक मोठे दृश्य आमच्या चेंबुरानेच देशाला दाखविले. येथील एन. जी. आचार्य आणि डी. के. मराठे महाविद्यालयाने 2024 साली वर्गात हिजाब, बुरखा, टोपी, बिल्ला यांना मनाई करणारा पोशाखाचा नियम केला. नऊ विद्यार्थिनी उच्च न्यायालयात गेल्या. 26 जून रोजी त्यांची याचिका फेटाळली गेली. त्याच सुमारास फाटक्या जीन्स, टी-शर्ट, जर्सी आणि अंगप्रदर्शक कपड्यांवरही बंदीचे फर्मान निघाले. आणि 9 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बिल्ल्यापुरती त्या नियमाला अंतरिम स्थगिती दिली, बुरख्याच्या बाबतीत मात्र ती दिली नाही. एकाच दारावर एका मुलीला अंग अधिक झाकले म्हणून आणि दुसरीला पुरेसे झाकले नाही म्हणून अडविले जावे, यातली विसंगती चेंबूरच्या चहाच्या टपरीवरही बोलली गेली. संस्थेला शिस्त लावण्याचा काही एक अधिकार असतो, आणि तो कुठवर जातो हे न्यायालये ठरवतील. त्या वादात मी येथे शिरत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की घर ही संस्था नव्हे, घराच्या दारावर परिपत्रक चिकटवता येत नाही, आणि प्रियकराला प्राचार्यांची सनद कोणी दिलेली नाही.

उलट बाजूही पाहिली पाहिजे, कारण स्त्रियांना नवऱ्यांचे कपडे पसंत असतात अशा भ्रमात कोणी राहू नये. मराठी घरात नवऱ्याचा आवडता टी-शर्ट एके सकाळी फरशी पुसताना दिसतो तो काही अपघाताने नव्हे. 'अहो, लग्नाला हा शर्ट घालून येणार असाल तर मी येत नाही,' ही धमकी ज्याने ऐकली नाही असा विवाहित पुरुष दुर्मिळ. आणि रविवारी सकाळी बर्म्युडा घालून चेंबूर स्टेशनपर्यंत भाजीला जाणाऱ्या पतीविषयी त्याच्या पत्नीचे मत काय असते, हे भाजीवालीलाही ठाऊक असते. पण दोन्ही नापसंतींची जात वेगळी आहे. तिची तक्रार बहुधा अशी की याने स्वतःकडे पुरेसे लक्ष दिले नाही, कॉलर विरली आहे, इस्त्री नाही, रंग उडाला आहे. त्याची तक्रार बहुधा अशी की हिच्याकडे इतरांचे लक्ष फार जाते. ती त्याला अधिक नीटनेटका करू पाहते, तो तिला कमी दिसणारी करू पाहतो. शिवाय तिच्या धमकीमागे ना सासर असते ना समाज. नवऱ्याने तोच शर्ट घातला तर ती चिडते, गाडीत अबोला धरते आणि मंडपात पोचेपर्यंत विसरते. अपवाद दोन्हीकडे आहेत, आणि नवऱ्याला चारचौघांत हिणविणाऱ्या स्त्रियाही मी पाहिल्या आहेत. त्यांची तरफदारी मी करणार नाही.

कायद्याची मजल येथे कितीशी, हेही एकदा स्पष्ट व्हावे. 2014 च्या निर्णयाने सांगितले की पत्नीचा पोशाख ही पतीवरील क्रूरता नव्हे. 2025 च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एका फौजदारी प्रकरणात असे मत दिले की पत्नी नीट कपडे घालत नाही, तिला स्वयंपाक नीट येत नाही, असली चीड आणणारी बोलणी ही गंभीर स्वरूपाची क्रूरता होत नाहीत. हे दोन निर्णय शेजारी ठेवले म्हणजे न्यायालयाने दोन्ही पक्षांना सारख्याच शांतपणे घरी पाठविले असे दिसते. फौजदारी कायद्याचे अवजड हत्यार प्रत्येक टोमण्यासाठी उपसू नये, हे मला पटते. मात्र टोमणा क्षुल्लक म्हणून तो रोजचा झाला तरी क्षुल्लकच राहतो, असे त्यावरून कोणी समजू नये. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा 2005 चा कायदा अपमान, हेटाळणी आणि मानखंडना यांनाही हिंसेत गणतो, आणि ज्या घरात बाईला साधा कुर्ता घालण्यापूर्वी चार चेहरे वाचावे लागतात तेथे त्या कायद्याची माहिती असलेली बरी.

तेव्हा ज्या तरुणाला आपल्या जोडीदाराचा पोशाख खरोखरच खटकतो, त्याला माझी विनंती आहे की त्याने तो सल मनात ठेवून कुढू नये आणि चारचौघांत, नातलगांपुढे, मित्रांच्या हास्यात मिसळून तो बाहेरही काढू नये. घरात, दोघेच असताना, निघायच्या घाईत नव्हे तर निवांत वेळी, 'मला हे आवडत नाही' असे स्वतःच्या नावाने सांगावे. का आवडत नाही हे विचारले गेले तर खरे कारण द्यावे, मग ते मत्सराचे असले तरी. आणि तिने ऐकून घेऊन 'मला आवडतं' असे उत्तर दिले तर दरखास्त तेथेच निकालात निघाली असे समजावे. दुसऱ्या दिवशी तोच विषय नव्या शब्दांत काढू नये, लग्नाचा बस्ता बांधायला दादरला जाताना आईला पुढे करून मागच्या दाराने तो आणू नये, आणि तिने तोच पोशाख घातला म्हणून त्या दिवशी दोन पावले पुढे चालू नये. ज्याला लग्नाआधीच असे वाटते की हिचे कपडे आपल्याला जन्मभर सोसणार नाहीत, त्याने ते लग्नाआधी सांगून टाकावे. नंतर बदलून घेऊ या भरवशावर मुलगी करू नये, आणि हेच मुलीनेही मुलाच्या बाबतीत करावे. आणि येत्या रविवारी बर्म्युडा घालून भाजीला निघताना पत्नीने काही सुनावलेच, तर चेंबूरच्या माझ्या शेजाऱ्यांनो, तेही निमूटपणे ऐकून घ्या. बोलण्याचा तिचा हक्क तुमच्याइतकाच आहे.